हिसायोबाईंचा टोप

मित्रांनो, माझ्याखाली डोके नाही याला आता पुष्कळ वर्षे लोटली. मी नाटकातला टोप आहे, जुना झालेला. मला एका लाकडी ठोकळ्यावर बसवून ठेवले आहे. ठोकळ्याला घाम येत नाही, तो थरथरत नाही, आणि रागाने तापतही नाही. जिवंत कपाळाची ऊब ज्याने अनुभवली आहे, त्याला ठोकळ्याची सोबत म्हणजे शिक्षाच. म्हणून आज तुम्हाला माझी गोष्ट सांगतो. माझी म्हणजे खरे तर हिसायोबाईंची. टोपाला वेगळे आयुष्य कुठले? ज्या डोक्यावर बसला, त्या डोक्याचे जे झाले तेच त्याचे.

माझा जन्म क्योतोचा. शिन्क्योगोकुच्या नाटकगृहांमागे एक बोळ होता. तिथे याहेई नावाच्या म्हाताऱ्या कारागिराचे दुकान होते. आमच्याकडचा टोप नुसत्या केसांचा नसतो. आधी तांब्याचा पत्रा ठोकून डोक्याच्या मापाची वाटी करायची, मग रेशमी कापडावर एकेक केस गाठवून ते कापड वाटीवर चढवायचे. त्यामुळे एकीचा टोप दुसरीला कधी नीट बसत नाही. माप घेताना हिसायोबाई चटईवर ताठ बसल्या होत्या. वय विशीचे असेल.

"हलू नकोस गं पोरी," याहेई म्हणाला. "पत्रा वाकडा बसला तर जन्मभर कानशिलाला टोचत राहील."

"काका, केस कुणाचे आहेत?"

"विकणारीचे."

"म्हणजे कुणाचे?"

"असलं विचारू नये. विचारलं की टोप जड होतो."

माझे केस कोणाचे होते, हे मलाही ठाऊक नाही. बर्फाच्या दिवसांत डोंगराकडच्या घरांतले तांदूळ संपले की बायका आपले केस विकत. अशाच कुण्या बायांच्या केसांनी मी नटलो आणि हिसायोबाईंच्या डोक्यावर बसलो.

बाई ओत्सुच्या. तिथल्या सरोवराच्या काठाने त्यांची आई हातगाडीवर खारवलेले सलगम विकत असे. लहानपणापासून बाई गाडीबरोबर चालत आणि आईच्या बरोबरीने हाळी देत. एका फिरत्या नाटक मंडळीच्या मालकाने ती हाळी ऐकली आणि गाडी थांबवून आईला विचारले, "ही पोर देता का आम्हाला?" आई म्हणाली, "सलगम घेणार असाल तर घ्या, पोर विकायला आणलेली नाही." पण पोरीने स्वतःच हट्ट धरला, आणि अखेर ती मंडळीत गेली.

त्या काळी रंगमंचावर बायकांची कामे पुरुष करीत. बायका नुकत्या कुठे पाऊल टाकू लागल्या होत्या. जुने रसिक नाके मुरडत. "बाईनं बाईचं काम करायचं, यात कसब ते काय?" असे म्हणून ते पडदा उघडायच्या आधीच डब्यातला भात खायला काढत. मंडळीतले नटही बाईंना 'सलगमवाली' म्हणून चिडवत. बाई म्हणत, "हो. आणि सलगम तुमच्या नाटकापेक्षा जास्त खपायचे."

ज्या नाटकाने बाईंचे नाव झाले त्यात त्या नावाड्याची बायको होत्या. वादळात नवऱ्याची होडी परतत नाही आणि ती काठावर उभी राहून त्याला हाका मारते, एवढाच तो प्रवेश. मी त्यांच्या डोक्यावर होतो, म्हणून तुम्हाला सांगू शकतो. हाक पोटातून निघायची. आधी त्यांच्या मानेतून, मग कवटीतून वर चढायची आणि माझा तांब्याचा पत्रा घंटेसारखा घुमायचा. त्यांचा आवाज गोड नव्हता. तो जाड होता, थोडा खरखरीत, आणि हाकेच्या शेवटी जरासा फाटायचा. त्या फाटण्यात सगळे होते. पहिल्या आठवड्यात एका भाजीवाल्याच्या हातातला घास तसाच राहिला. दुसऱ्या आठवड्यात नाके मुरडणारे रसिक पुढच्या रांगेसाठी भांडू लागले.

माझी वेणीफणी ओताकीमावशी करीत. त्या नाटकगृहातल्या टोप विंचरणाऱ्या. त्सुबाकीच्या फुलझाडाच्या बियांचे तेल, मेणाची कांडी आणि लाकडी कंगवा घेऊन त्या माझ्याशी आणि बाईंशी एकदमच बोलत. "जरा खाली मान घाल. आज घसा बसलाय का तुझा? मध घे. हा मेला टोपही आज ऐकत नाही." इतके प्रेमळ रागावणे मी पुढे कधी ऐकले नाही.

मग कुरोइवा आला. त्याची शहराच्या पश्चिमेला मूकपटांची कंपनी होती. प्रयोग संपल्यावर तो रंगपटात येऊन मांडी घालून बसला.

"हिसायोबाई, चार गल्ल्यांतली माणसं तुम्हाला ओळखतात. सगळा देश तुम्हाला ओळखेल असं मी करतो."

"पण सिनेमात आवाज कुठे असतो?"

"नसतो, तेच तर बरं. घसा बसायचं भय नाही." तो हसला. "तुमचा चेहरा द्या मला. बाकी आम्ही बघून घेऊ."

'बाकी' म्हणजे काय हे तेव्हा कुणी विचारले नाही. बाईंच्या आईच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरू लागला होता आणि गाडी ओढणे तिला जमेना. बाईंनी होकार दिला. ओताकीमावशीही माझी पेटी काखोटीला मारून त्यांच्याबरोबर निघाल्या.

चित्रण उन्हात चाले. वर पांढरे कापड ताणलेले, समोर हाताने फिरवायचे यंत्र. त्याच नावाड्याच्या बायकोचा चित्रपट करायचा ठरला. बाईंना हाक मारायची वेळ आली तेव्हा त्यांनी नाटकातल्यासारखीच मारली. मी घुमलो. रस्त्याने जाणारा बैलगाडीवाला थांबला. पण दिग्दर्शक ओरडला, "एवढं तोंड उघडू नका हो! दात दिसतात. नुसते ओठ हलवा."

चित्रपट लागला त्या दिवशी कंपनीने बाईंना संपूर्ण वेशात चित्रगृहात नेले. खेळ संपल्यावर त्यांनी पडद्यासमोर येऊन लोकांना वंदन करायचे होते. तोवर आम्ही पडद्याच्या कडेला अंधारात उभे होतो. समोर, छोट्या मेजामागे, रागेत्सुमास्तर उभे होते. ते बेन्शी होते, म्हणजे पडद्याशेजारी उभे राहून गोष्ट सांगणारे निवेदक. सगळ्या पात्रांचे बोल तेच बोलत. लोक नटांपेक्षा बेन्शीचे नाव पाहून तिकीट काढत, आणि मास्तर तर त्यांतले राजे होते.

हाकेचा प्रवेश आला. पडद्यावर बाईंचे ओठ हलले आणि मास्तरांनी हाक मारली. पातळ, गोड, तांदळाच्या पाकासारखी लांबत जाणारी हाक. आणि वर दोन वाक्येही घातली: "नाथ, तुमच्याविना हा चंद्र मला जाळतो! लाटांनो, मलाही घेऊन चला!" सगळे चित्रगृह हुंदके देऊ लागले. माझ्याखालचे डोके मात्र दगडासारखे थंड झाले.

वंदन आटोपल्यावर बाई म्हणाल्या, "मास्तर, मी तिथं असं काही म्हटलंच नव्हतं."

मास्तर घाम पुसत होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी अगदी सरळपणाने उत्तर दिले, "बाई, तुम्ही काय म्हटलंत ते ऐकलं कुणी?"

मित्रांनो, त्यानंतरची वर्षे माझ्या वैभवाची. मला मोत्यांच्या पिना मिळाल्या, चांदीचा कंगवा मिळाला. बाईंची चित्रे पंख्यांवर, आगपेट्यांवर आली. मास्तरांनी सांगितलेल्या गोष्टींच्या तबकड्या निघाल्या आणि घराघरांत वाजू लागल्या. मुली आरशासमोर 'हिसायोसारखे' बोलायला शिकू लागल्या, म्हणजे मास्तरांसारखे.

एकदा नागोयाला चित्रगृहातून बाहेर पडताना एका व्यापाऱ्याच्या बायकोने बाईंचा हात धरला. "अहो, एक वाक्य बोला ना! एकच!"

बाई म्हणाल्या, "आपण आलात, फार बरं वाटलं."

त्या बाईने हात सोडला. "अगं बाई, सर्दी झालीय वाटतं तुम्हाला!" आणि मैत्रिणीकडे वळून हळूच म्हणाली, "की ही दुसरीच कुणी उभी केलीय?"

ही गोष्ट कुरोइवाच्या कानावर गेली. त्याने बाईंना बोलावून सांगितले, "यापुढे लोकांसमोर बोलायचं नाही. नुसतं वाकायचं. बोलायचं ते मास्तर बोलतील." बाईंनी ओताकीमावशींकडे पाहिले. मावशींनी माझा एक केस जोरात ओढला, तुटेपर्यंत. पण पगार चांगला होता, ओत्सुला आईसाठी घर घेतले होते, आणि बाईंनी होकारार्थी मान हलवली. मान हलली की मीही हलतो.

आता जे सांगणार आहे ते सांगताना आजही माझे केस ताठ होतात. बाईंची आई क्योतोला आली. तोवर तिला जवळजवळ काहीच दिसत नव्हते. शेजारणीचा हात धरून ती लेकीचा चित्रपट पाहायला येऊन बसली. खेळ संपल्यावर बाई वेशातच धावत बाहेर आल्या. म्हातारी ओसरीच्या पायरीवर बसली होती.

"आई, पाहिलंस?"

"मला कुठं दिसतंय गं. म्हटलं, दिसत नाही तर नाही, पोरीचा आवाज तरी कानावर पडेल." तिने लेकीचा चेहरा चाचपला, मग मलाही चाचपले. "तू नव्हतीसच की तिथं. कुणीतरी बाप्या रडत होता."

"आई, तो मास्तरांचा आवाज. सिनेमात तसंच असतं."

"असतं तर असतं. मग तुला कशाला पगार देतात?"

शेजारीण हसली, कारण तिला तो विनोद वाटला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी आईला हातरिक्षात बसवले आणि रिक्षा वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. त्या हिवाळ्यात म्हातारी गेली.

पुढे बोलपट आले. सगळ्या मूकपट कंपन्यांत रडारड सुरू झाली. बाई मात्र हरखल्या. "मावशी, आता!" एवढेच त्या म्हणाल्या. रोज सकाळी कामो नदीच्या काठी जाऊन त्या आवाज मोकळा करीत. वर्षानुवर्षे बंद असलेल्या दरवाज्यासारखा तो आधी कुरकुरला, मग उघडला. चाचणीच्या दिवशी मी त्यांच्या डोक्यावर होतो. त्यांनी तीच नावाड्याच्या बायकोची हाक दिली, आणि मित्रांनो, इतक्या वर्षांनी माझा पत्रा पुन्हा घुमला. ध्वनियंत्रावरचा तंत्रज्ञ कानांवरचे यंत्र काढून म्हणाला, "बाई, अंगावर काटा आला."

ती चाचणी कुरोइवाने चित्रगृहांच्या मालकांना दाखवली. दुसऱ्या दिवशी तो रंगपटात आला तेव्हा मावशी मला बाईंच्या डोक्यावर बसवत होत्या. त्याची नजर जमिनीवर होती.

"लोक हसले," तो म्हणाला.

"आवाज वाईट आला?"

"वाईट नाही. चांगला आलाय. पण तो तुमचा वाटत नाही."

मग मावशी फिस्कारल्या, "मग कुणाचा वाटतो रे? तुझ्या आजीचा?"

"मावशी, मी काय करू? सगळा देश तिचा आवाज ओळखतो. घराघरांत तबकडी आहे. हा आवाज ऐकून लोक पैसे परत मागतील. मालक म्हणतात, हिसायोचा चेहरा आहे, पण आवाज हिसायोचा नाही."

बाईंनी स्वतःच्या हाताने मला काढले आणि मांडीवर ठेवले. त्या रडल्या नाहीत. मी वाट पाहत होतो, पण एक थेंबही माझ्यावर पडला नाही. कंपनीने मिसाओ नावाची एक कोवळी मुलगी घेतली. तिचा आवाज पातळ आणि पाकासारखा गोड होता. जाहिरातीत छापले होते: "हुबेहूब हिसायोसारखी बोलणारी नवी तारका!"

बोलपटांनी मास्तरांचेही पोट मारले. निवेदकांनी मोर्चे काढले, संप केले, आणि एकेक करून ते शहरांतून नाहीसे झाले. कुणी औषधे विकू लागला, कुणी लग्नांत बडबड करून पोट भरू लागला. एका दुपारी मास्तर बाईंच्या भाड्याच्या खोलीवर आले. सोबत भाजलेली रताळी होती. त्यांचे पांढरे मोजे टाचेला रफू केलेले होते.

"बाई, लहान गावांत अजून आपलं नाव आहे. तुम्ही उभ्या राहा, प्रवेश करून दाखवा. मी शेजारून बोलतो. सिनेमासारखंच, फक्त पडद्याविना."

"म्हणजे मी समोर उभी असूनही मुकीच?"

"लोकांना तेच हवंय, बाई. मला तरी कुठं दुसरं काही येतं?"

बाईंनी रताळ्याचे साल हळूहळू सोलले. "आणि मला दुसरं काय येतं ते विचारणारं कोणी उरलं नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझी पेटी उघडली. ओताकीमावशी थकून भावाकडे गेल्या होत्या, म्हणून बाईच मला विंचरू लागल्या. त्यांचा हात जड होता. माझ्या बटा विरळ झाल्या, एका कानशिलावर पत्रा उघडा पडला. तिथे त्यांनी काजळी फासली.

आम्ही तांगोच्या किनाऱ्याने कोळ्यांच्या गावांतून फिरलो. मंडपाला मासळीचा वास, प्रेक्षकांच्या मांडीवर पोरे. बाई ओठ हलवीत आणि शेजारून मास्तर हुंदके देत. लोक खूश होते. दर प्रयोगाआधी मास्तर आल्याचा काढा घेत, कारण आयुष्यभर ताणलेला तो घसा आता त्यांना साथ देत नव्हता.

आणि एका गावात त्याने साथ सोडलीच. हाकेचा प्रवेश होता. बाईंनी हात उंचावला, ओठ उघडले, आणि शेजारून नुसती खरखर आली. मास्तर घसा धरून खोकू लागले. लोक थांबले. बाईंचा हात तसाच वर होता. मला त्यांच्या मानेतली शीर उडताना जाणवली. मग त्यांनी हाक मारली. स्वतःची.

अशी हाक मी नाटकाच्या दिवसांतही ऐकली नव्हती. मंडपाच्या कनाती हलल्या असे मला वाटले. मला खात्री वाटली की आता हे लोक रडतील. यांच्या घरचीही माणसे होड्या घेऊन समुद्रावर जात होती. यांना नाही कळणार तर कुणाला?

मागून एकजण हसला. मग दुसरा. "अहो, बाईला कशाला बोलायला लावता?" एका म्हाताऱ्याने ओरडून सांगितले. "मास्तरांना पाणी द्या कुणीतरी! आम्ही थांबतो!" पुढे बसलेली एक बाई आपल्या पोराला समजावत होती, "ही खरी नाही रे. खरी हिसायो गोड बोलते."

बाई थांबल्या नाहीत. त्या गोंगाटात त्यांनी सगळा प्रवेश शेवटच्या शब्दापर्यंत बोलून दाखवला, वाकून वंदन केले आणि त्या आत आल्या.

मास्तर सामानाच्या पेटाऱ्यावर बसले होते. डोळ्यांत पाणी होते. घोगऱ्या, पिचक्या आवाजात ते म्हणाले, "फार छान बोललात, बाई. खरंच सांगतो. फक्त..."

"फक्त काय?"

"तुमच्यासारखं नाही वाटलं."

बाई रागावल्या नाहीत. मग त्यांनी मला डोक्यावरून उतरवले, काजळी पुसली, तेलाचा हात फिरवला आणि पेटीसकट मास्तरांच्या मांडीवर ठेवले.

"हा तुमच्याकडेच असू द्या, मास्तर. हिसायो तुम्हीच होता. मी नुसती उभी होते."

"असं काय बोलता? उद्याचा प्रयोग आहे!"

"घसा सांभाळा," बाई म्हणाल्या आणि कनात सारून निघून गेल्या. त्यांना मी त्यानंतर कधी पाहिले नाही.

पुढचे सगळे ऐकीव. एकदा ओताकीमावशी मास्तरांना भेटायला आल्या, त्यांच्याकडून कळले. बाई शिन्शुमधल्या एका रेशीम गिरणीत, मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकीण झाल्या होत्या. "अखंड बडबडते म्हणे," मावशी म्हणाल्या. "पोरी कानांत बोटं घालतात. ही कोण होती ते एकीलाही ठाऊक नाही." मास्तरांनी विचारले, "माझी आठवण काढते?" मावशींनी चहाचा पेला खाली ठेवला. "तुमची कशाला काढेल? आता तिला बोलायला ती स्वतः आहे." युद्धाच्या दुसऱ्या हिवाळ्यात बाई छातीच्या दुखण्याने गेल्या. वर्तमानपत्रांत तेव्हा नुसत्या लढाया होत्या.

मास्तरांच्या पश्चात त्यांच्या भाचीने मला आणि तबकड्यांना एका संग्रहालयात देऊन टाकले. इथे माझे फार चांगले चालले आहे. हवा कोरडी, प्रकाश मंद, आणि कापराच्या वड्या वेळच्या वेळी बदलतात. विरळ झालेल्या जागी एका बाईंनी भिंगातून पाहत नवे केस गाठवले. जुनी छायाचित्रे पाहून, अभ्यास करून, त्यांनी माझ्या मूळ केसांसारखेच केस मिळवले. माझी एवढी काळजी याहेईनेही घेतली नव्हती. बाईंच्या चित्रपटांची रिळे जळून गेली. एकाचा लहानसा तुकडा तेवढा वाचला. समोरच्या भिंतीवर तो पुन्हा पुन्हा दाखवतात. बाईंचा हात वर जातो, ओठ उघडतात, आणि जोडीला मास्तरांची तबकडी वाजते.

मुले येतात. परवा एक लहान मुलगी काचेला नाक लावून माझ्याकडे पाहत होती. तिने सोबतच्या शिक्षिकेला विचारले, "ज्यांचा हा टोप होता, त्या कशा बोलायच्या?"

शिक्षिकेने भिंतीवरच्या कर्ण्याकडे बोट दाखवले. "ऐक ना. किती गोड बोलायच्या बघ."

मुलीने ऐकले, मान डोलावली आणि ती पुढच्या काचेकडे गेली.

मित्रांनो, मला केस आहेत, तोंड नाही. मला जपू नका, मला पुष्कळ जपले आहे. पण तुमच्यापैकी कुणी अशा वेळी इथे असलात, तर तशा एखाद्या मुलीला हाक मारून थांबवा. बाईंचा आवाज कसा होता हे तुम्हाला सांगता येणार नाही. तो असा नव्हता, एवढे तरी तिला सांगा.